दोन सेकंदांचा नियम

३ मार्च

या वहीची माफी मागूनच सुरुवात करायला हवी. मागची नोंद पंधरा महिन्यांपूर्वीची आहे आणि तिचं शेवटचं वाक्य असं: ‘आता रोज लिहायचं, निदान पाच ओळी.’ पुढे कोरी पानं. आजारपण नाही, प्रवास नाही, सांगण्यासारखं कारणच नाही. जी बाई वर्गात दर वर्षी ‘स्वतःशी बोलणं हाही संवादच’ असं सांगते, तिला स्वतःशी बोलायला सव्वा वर्ष सवड झाली नाही, एवढंच.

आज पहिल्या वर्षाला ‘दोन सेकंदांचा नियम’ शिकवला. हा तास मला पाठ आहे. नऊ वर्षांपूर्वी दवाखान्यांतली तीनशे बारा संभाषणं ध्वनिमुद्रित केली. डॉक्टरने वाईट बातमी सांगितल्यावर पेशंट किती वेळ गप्प राहतो ते मोजलं. एकही पेशंट दोन सेकंदांहून जास्त थांबला नव्हता. म्हणजे दोन सेकंदांत माणूस बोलला नाही तर त्याला आत्ता काही म्हणायचं नाही, डॉक्टरने पुढे जावं. माझ्या नावावर बाकी पुष्कळ लेख आहेत, पण लोक मला ओळखतात ते या दोन सेकंदांमुळे. इस्पितळांत मी यावर विनामूल्य कार्यशाळा घेते. नवऱ्याने तर त्याच्या दातांच्या दवाखान्यात हा नियम फळ्यावर लिहून ठेवला आहे. त्याच्या पेशंटच्या तोंडात कापूस असतो, त्यामुळे त्याचा काय उपयोग ते मला कधी कळलं नाही.

त्या लेखावर माझ्यासोबत मुंगीचं नाव आहे. मुंगी म्हणजे माझी पहिली संशोधक विद्यार्थिनी. हे नाव विभागातल्या शिपायाने ठेवलं, कारण ती सतत काहीतरी वाहून नेत असायची. गेली सहा वर्षं दुसऱ्या गावातल्या कॉलेजात तात्पुरत्या जागेवर आहे. अठ्ठावीस तारखेला तिची कायम नेमणुकीची मुलाखत. शिफारसपत्रासाठी तिने अर्जाची प्रत पाठवली होती. लेखांच्या यादीत आमचा तो लेखच नाही. इतकी काटेकोर मुलगी आणि ऐन वेळी असा वेंधळेपणा. मी पेन्सिलीने तो पहिल्या क्रमांकावर लिहिला आणि प्रत परत पाठवली.

संध्याकाळी चेलोचा सराव, चाळीस मिनिटं. शेजारच्या काकू म्हणाल्या, “आज बरं वाजलं. काल वाटलं कपाट सरकवताय.”

६ मार्च

आमच्या चौकडीचा कार्यक्रम महिनाअखेरीस वाचनालयाच्या सभागृहात आहे. पहिलं व्हायोलिन निवृत्त पोस्टमास्तर, दुसरं कोपऱ्यावरच्या औषधवाल्या बाई, व्हायोला फर्निचरवाले, आणि चेलो मी. सराव फर्निचरवाल्यांच्या गोदामात होतो, कारण तिथे खुर्च्यांना तोटा नाही.

पोस्टमास्तर म्हणाले, एकदा रेकॉर्ड करून ऐकू या. माझ्या फोनमध्ये जागा नव्हती. पिशवीत विभागाचा जुना रेकॉर्डर होता, परवाच कपाटातून काढलेला. तो खुर्चीवर ठेवला.

आमच्या रचनेत मध्यावर एक जागा आहे. तिथे चौघेही थांबतात, आठ संथ मात्रा पूर्ण शांतता, आणि मग चेलो एकटा हळूच आत येतो. पोस्टमास्तर तिला ‘टपाल यायच्या आधीची वेळ’ म्हणतात. रेकॉर्डिंग लावलं, तर ती शांतता जवळपास नाहीच. थांबलो न थांबलो तोच चेलो हजर.

“मॅडम, गाडी सुटत होती का?” फर्निचरवाले म्हणाले.

“मी आठ मोजले.”

“मोजले असतील. पण दोनावर आलात.”

“त्यांना एकट्यांना कशाला बोलता,” औषधवाल्या बाई म्हणाल्या. “पोस्टमास्तर मान हलवतात ना, त्याने घोटाळा होतो.”

“मी मान हलवत नाही. मला मानेचा त्रास आहे.”

“मग माझ्याकडून मलम न्या ना. सांगत का नाही?”

पाऊण तास असा गेला. पुन्हा वाजवलं, पुन्हा रेकॉर्ड केलं. या वेळी पोस्टमास्तरांनी हातातल्या घड्याळावर मोजलं. शांतता सहा सेकंदांची होती, हे चौघांनी पाहिलं. रेकॉर्डिंगमध्ये ती दोन सेकंदांची निघाली.

“यंत्राला शांतता आवडत नाही,” फर्निचरवाले म्हणाले आणि सगळे हसले. मीही हसले. पण हसणारं तोंड दुसऱ्याचंच आहे, असं वाटलं.

७ मार्च

सकाळी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. रेकॉर्डर ओट्यावर ठेवला. ‘एक’ म्हटलं, घड्याळात दहा सेकंद पाहिले, ‘दोन’ म्हटलं. ऐकलं. मधे दोन सेकंद. मग वीस सेकंद थांबले. दोन. मग एक मिनिट. दोन.

यंत्राच्या कडेला नखाएवढी कळ आहे. एका बाजूला सरकवली की ते सलग चालतं. दुसऱ्या बाजूला सरकवली की आवाज असेल तेव्हाच चालतं. आवाज थांबला की दोन सेकंद वाट पाहून तेही थांबतं आणि पुढचा आवाज आला की पुन्हा सुरू होतं. कळ दुसऱ्या बाजूला आहे. ती मीच सरकवली होती. नऊ वर्षांपूर्वी, दवाखान्यातल्या पहिल्याच सकाळी, दिवसभर बॅटरी पुरावी म्हणून. मला वाटलं, पेशंट बाहेर गेला, खोली रिकामी झाली, की ते थांबेल. खोलीत माणूस बसलेला असतानाही ती रिकामी ऐकू येऊ शकते, हे माझ्या डोक्यात आलं नाही. माझा विषय तोच असून.

म्हणजे त्या तीनशे बारा माणसांपैकी कोण किती वेळ गप्प होतं, ते मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. कुणी पाच सेकंद, कुणी पूर्ण मिनिट. मी यंत्राचा स्वभाव मोजला आणि तो माणसाचा म्हणून छापला.

नवरा चहा घ्यायला आत आला. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, “मग माझ्या फळ्यावरचं पुसू का?” मी रागावले. त्याने खरंच विचारलं होतं, हे आता लिहिताना जाणवतंय.

९ मार्च

विभागप्रमुखांना सांगितलं. त्यांनी खिडकी लावली, म्हणजे प्रकरण त्यांच्या लक्षात आलं.

“कुणी शंका घेतलीय का?”

“नाही.”

“मग घाई कसली? उन्हाळ्यात नवं संशोधन करा. जुनं आपोआप मागे पडेल. आणि त्या मुलीची मुलाखत आहे ना या महिन्यात? तिचा सगळा डोलारा त्याच लेखावर आहे. तुम्ही आता कबुली दिलीत तर तुमची नोकरी शाबूत राहील, तिची मात्र सुरूच होणार नाही.”

हे खोटं नाही. म्हणूनच वाईट. मी तीन आठवडे थांबले तर मुंगीला जागा मिळेल. मग मी नियतकालिकाला चुकीची कबुली देणारं पत्र पाठवीन आणि तिची नेमणूक चुकीच्या लेखावर झाली असं लोक तिच्या पाठीमागे बोलतील. आत्ता पाठवलं तर जिच्याबद्दल बोलायचं, तीच तिथे नसेल. आणि प्रामाणिकपणे लिहायचं तर, थांबण्याचा विचार येतो तेव्हा मला मुंगीपेक्षा माझंच नाव आधी दिसतं. तिचं नाव मी पुढे ढाल म्हणून धरते आहे का?

तिला भेटून तिचं मत विचारायचं ठरवलं. फोनवर ती म्हणाली, “मॅडम, मलाही तुमच्याशी बोलायचं होतं.” मुलाखतीबद्दल असणार.

१२ मार्च

मुंगी आली होती. केसांत दोन-चार पांढरे आलेत. नवऱ्याने दार उघडलं आणि तिला दातांबद्दल विचारलं, हे त्याचं स्वागत. मग तो बाहेर निघून गेला.

संभाषण आठवतं तसं उतरवते. इतक्या वर्षांची सवय, कंसात थांबण्याचे सेकंद आपोआप येतात. अंदाजे आहेत.

मी: यादीत तो लेख राहिला होता. मी घातला, पाहिलास ना?

मुंगी: हो. मॅडम, तो लेख (०.६)

मी: थांब, त्याच्याबद्दलच बोलायचंय. आधी ऐक, मग घाबर.

रेकॉर्डरची सगळी हकिकत सांगितली. गोदाम, आठ मात्रा, कळ. ती मान खाली घालून ऐकत होती. मला वाटलं होतं तिच्या तोंडचं पाणी पळेल. तसं काही दिसलं नाही. धक्का बसला की माणूस असा थिजतो.

मुंगी: मॅडम, मला हे (०.८)

मी: कळतंय. तुला सुचत नसेल. चूक सर्वस्वी माझी आहे. कळ मी सरकवली. तू फक्त उतरवून काढलंस.

मुंगी: पण उतरवताना मी (०.५)

मी: तुझं उतरवणं अचूकच होतं. यंत्रानेच दिलं नाही ते तू कुठून ऐकणार?

ती हसल्यासारखी झाली. मी विचारलं, मुलाखतीच्या आधी पत्र पाठवू की नंतर. निर्णय तुझा, मी म्हटलं. (१.०) मग मीच म्हणाले, अशा गोष्टीचा भार तुझ्यावर टाकणं बरोबर नाही, मीच ठरवते. ती म्हणाली, “आधीच पाठवा.” ते मात्र एका दमात. मी विचारलं, नक्की? यादीतून लेख काढावा लागेल. ती म्हणाली, “तो मी (०.४)” आणि मी म्हटलं, हो, अजून सोळा दिवस आहेत, सुधारित अर्ज पाठवता येईल.

जाताना दारात चपला घालून ती जरा उभी राहिली. मी म्हटलं, उशीर होईल, बस चुकेल. गेली.

फार गुणी मुलगी. स्वतःच्या तोट्याचं बोलणं, आणि एक शब्द जास्त नाही.

१३ मार्च

नवरा: काय म्हणाली?

मी: आधीच पाठवा म्हणाली.

नवरा: आणि तिला जे बोलायचं होतं ते?

मी: मुलाखतीचंच असणार. झालं त्यात.

तो सफरचंद सोलत बसला. साल अखंड निघाली की त्याला कौतुक हवं असतं. दिलं.

१७ मार्च

इस्पितळातली कार्यशाळा. रद्द करता आली असती. पण रद्द करण्याचं कारण काय सांगणार, म्हणून गेले आणि तेच सांगितलं. वीस तरुण डॉक्टर, मागे चार परिचारिका. म्हटलं, नऊ वर्षं मी तुम्हा लोकांना दोन सेकंद थांबा असं शिकवलं. ते चूक आहे. किती थांबायचं ते मला माहीत नाही.

शांतता पसरली. किती सेकंद ते मोजण्याचं धाडस झालं नाही.

एक डॉक्टर वहीत पेन धरून म्हणाला, “मग नवीन आकडा कधी मिळेल?”

मागून थोरल्या परिचारिका म्हणाल्या, “आकडा कशाला? ते बोलेपर्यंत थांबायचं.”

“आणि नाहीच बोलले तर?”

“तर पाणी द्यायचं आणि तिथेच बसायचं. मी बसते. तुम्ही लोक दोन सेकंदांनी उठून जाता, मग आम्हाला विचारतात ना ते.”

सगळे हसले, कुणी रागावलं नाही. बाहेर पडताना मी त्यांना विचारलं, “इतकी वर्षं तुम्ही माझ्या कार्यशाळेला येताय, हे कधी सांगितलं का नाहीत?”

त्या म्हणाल्या, “प्रश्नांना शेवटी पाच मिनिटं असायची मॅडम. ती डॉक्टरांनाच पुरायची नाहीत.”

२० मार्च

नियतकालिकाला पत्र पाठवलं. सात मसुदे झाले. पहिल्यात ‘तांत्रिक मर्यादा’ होती, तिसऱ्यात ‘उपकरणातील दोष’. शेवटच्यात ‘मी कळ चुकीच्या बाजूला ठेवली’. लेख मागे घ्यावा, चूक माझी एकटीची, सहलेखिकेचा संबंध नाही, असं लिहिलं. प्रत मुंगीला. विभागप्रमुखांनाही दिली. त्यांनी ती घडी घालून खिशात ठेवली, जणू मी हवापालटाची रजा मागितली होती.

तासाभराने मुंगीचा निरोप आला: ‘वाचलं मॅडम. बरं वाटलं. एकच वाक्य खरं नाही.’

कुठलं ते लिहिलं नाही. मी पत्र चारदा वाचलं. तारखा बरोबर आहेत, आकडे बरोबर आहेत. ‘सहलेखिकेचा संबंध नाही’ हे तिला लागलं असावं. तिने मेहनत घेतली होती, तिला वाटलं असेल मी तिचं काम पुसून टाकलं. तिला लिहिलं, ‘तुझ्या भल्यासाठीच तसं लिहिलंय.’ उत्तर नाही.

२२ मार्च

संपादकांनी मूळ कागद मागवले. विभागाच्या माळ्यावरून चार खोकी उतरवली. तीनशे बारा संभाषणं, सगळी मुंगीच्या अक्षरात, शाईने. समासात हिरव्या पेन्सिलीने तिच्या खुणा. त्या काळी मी त्या वाचल्या नव्हत्या. मला फक्त आकडे हवे होते, ते ती वेगळ्या तक्त्यात द्यायची.

सतराव्या संभाषणाच्या समासात: ‘मागे भिंतीवरचं घड्याळ ऐकू येतं. टिकटिक एका जागी अडखळते. का?’

तेवीस: ‘पुन्हा अडखळली. बाई रडायच्या आधी.’

चाळीस: ‘इथेही. जिथे दोन सेकंद येतात तिथेच घड्याळ अडखळतं. मधला वेळ गळतोय का? मॅडमना विचारणे.’

चाळीसच्याच खाली, दुसऱ्या दिवशीची तारीख: ‘विचारायला सुरुवात केली. मॅडम म्हणाल्या, घड्याळ जुनं असेल, तू माणसांकडे लक्ष दे.’

मला हे आठवत नाही. कितीही ताणलं तरी आठवत नाही. पण वाक्य माझं आहे. अजूनही मी विद्यार्थ्यांना हेच म्हणते, माणसांकडे लक्ष द्या.

एकशे सहा: ‘आज पुन्हा प्रयत्न केला. मॅडम म्हणाल्या, दमलीस, दोन दिवस सुट्टी घे. प्रेमाने म्हणाल्या.’

त्यानंतर हिरवी पेन्सिल नाही. दोनशे सहा कोरे समास.

त्या खोक्यांपाशी जमिनीवर बसून सगळं पुन्हा चाळलं. मग अर्जाची यादी आठवली. तो लेख तिच्याकडून राहून गेला नव्हता. तिने तो घातलाच नव्हता, आणि मी पेन्सिलीने पहिल्या क्रमांकावर लिहून तिला परत पाठवला. बारा तारखेचं माझं टिपण काढलं. (०.६), (०.८), (०.५), (०.४). तिला एकदाही पूर्ण सेकंद मिळालेला नाही. जिथे एक मिळाला तिथेही मीच बोलले. माझं यंत्र तरी दोन सेकंद थांबत होतं.

आणि ‘चूक माझी एकटीची’ हे वाक्य. ते मी किती अभिमानाने लिहिलं होतं. तिने पकडली होती ती चूक, सतराव्या संभाषणात. माझ्या पत्रात तिच्यासाठी तेवढीही जागा नाही. तिला पत्रातून सोडवल्याचं समाधान मी घेत होते.

तरी एक शंका राहते आणि ती लिहायला हवी. तिने आणखी जोरात का सांगितलं नाही? लेखावर नाव का घालू दिलं? नऊ वर्षं गप्प का? याची उत्तरं मी इथेच दहा प्रकारे लिहू शकेन, सगळी पटण्यासारखी. लिहायला बसले होते. पेन खाली ठेवलं.

२३ मार्च

संपादकांना दुसरं पत्र: चूक पहिल्यांदा सहलेखिकेच्या लक्षात आली होती, समासातील नोंदी सोबत. पण पाठवलं नाही. त्या नोंदी कुणाला दाखवायच्या की नाही, हे तिने सांगायचं आहे. मसुदा तसाच ठेवला.

संध्याकाळी गोदामात सराव. फोन रिकामा करून नेला होता, त्यावर रेकॉर्ड केलं. पोस्टमास्तरांची मान आता बरी आहे, मलम लागू पडलं. रेकॉर्डिंग लावलं. शांतता या वेळी नीट ऐकू आली. गोदामाचं पत्र्याचं छप्पर, कुणाची तरी खुर्ची, औषधवाल्या बाईंचा श्वास. आणि सहाव्या मात्रेला चेलो.

मीच म्हटलं, “मी आधी आले.”

“दर वेळी येता,” फर्निचरवाले म्हणाले. “आम्हाला वाटायचं तुमची ती शैली आहे.”

“मग सांगितलं का नाहीत?”

“त्या दिवशी सांगितलं. पण मग यंत्रच बिघडलेलं निघालं, आणि तुम्ही इतक्या खूश झालात.”

पोस्टमास्तर म्हणाले, “मोजू नका. मोजलं की शेवटच्या दोन मात्रा खाल्ल्या जातात. आमच्याकडे बघा. आमचे हात खाली आले की या.”

पुन्हा वाजवलं. मी मोजलं नाही. त्यांच्या हातांकडे पाहिलं. फार वेळ झाला असं वाटलं, काहीतरी चुकतंय असं वाटलं, चेलोचा गज दोनदा आपसूक पुढे गेला आणि मी तो मागे घेतला. मग तिघांचे हात खाली आले.

घरी येऊन नवऱ्याला सगळं सांगितलं. समास, घड्याळ, अर्ज. तो ऐकत होता. माझं संपल्यावरही ऐकत राहिला. मग म्हणाला, “फळ्यावरचं मी तू सांगितलंस त्याच दिवशी पुसलं.”

मी काही म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्याला पुढे बोलायचं होतं. तो पाणी प्यायला, मग त्याने पेला धुतला, उपडा ठेवला.

“ती ते कागद उतरवत होती तेव्हा एकदा माझ्याकडे आली होती,” तो म्हणाला. “दाढ दुखते म्हणून. दाढेला काही नव्हतं. बराच वेळ खुर्चीत बसून होती. मीही विचारलं नाही.”

उद्या: मुंगीला फोन. ‘सांग’ एवढंच म्हणायचं, आणि ती बोलेपर्यंत थांबायचं.